ज्येष्ठमध, गहू आणि लाल बोरे

पितरांची थडगी झाडण्याचा दिवस उलटून गेला, नदीकाठच्या वाळुंजांना पालवी फुटली, तरी निंग छाइयुनच्या घरातले काढ्याचे मडके न्यायला कोणी आले नव्हते.

तेलघाणा गल्लीत असे मडके एकच होते. काळपट मातीचे, आखूड तोटीचे, एका बाजूला पोकळ मूठ असलेले. ते गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या कंग आजींच्या मालकीचे. पण गेली तीस वर्षे ते त्यांच्या घरी क्वचितच असे. ज्याच्या घरी आजार, त्याच्या चुलीवर मडके. रीत अशी होती, की मडके कोणी परत करायचे नाही. माणूस बरे झाले की ते घासूनपुसून चुलीमागे ठेवायचे आणि वाट पाहायची. पुढच्या आजाऱ्याच्या घरचे कोणी दारात येऊन मागेल, तेव्हाच ते हातातून सोडायचे. आपल्या पायांनी मडके दुसऱ्याच्या दारी नेणे म्हणजे आजार नेऊन पोचवणे. आणि कोणी मागून नेले, तर घरात रेंगाळलेला आजारही त्याच्यासोबत उंबरठा ओलांडतो, असे सगळे मानत.

छाइयुनच्या घरात कोणी बरे झाले नव्हते. तिची नऊ वर्षांची मुलगी श्याओमान मागच्या वर्षी, १९८३च्या शरदात, अंगावर सूज येऊन आजारी पडली. मूत्रपिंडाचा विकार. तीन महिने त्या मडक्यात काढा शिजला. उकळलेला चोथा छाइयुन रोज गल्लीच्या मधोमध ओतून येई. जाणाऱ्यायेणाऱ्याच्या पायाखाली तो तुडवला गेला की दुखणेही तुडवले जाते. शेजारी मुद्दाम वाट वाकडी करून त्यावरून चालत. ऐंशी वर्षांच्या कंग आजी, लहानपणी बांधून वेडीवाकडी केलेली आपली बोटभर पावले टाकत, त्यावरून दोनदा जात; एकदा जाताना, एकदा येताना. दहाव्या महिन्यात, पहिले धुके पडले त्या आठवड्यात, श्याओमान गेली.

लहान मुलासाठी मोठ्यांनी शोक पाळायचा नसतो. पांढरे कापड नाही, कागदी पैसे जाळणे नाही, कुळाच्या थडग्यांत जागा नाही. छाइयुनचा नवरा तुआन लीमिन आणि त्याचा भाऊ यांनी पहाटे नदीपलीकडच्या उतारावर मुलीला पुरले. आठव्या दिवशी दोघेही नवराबायको कामावर रुजू झाले. जाऊबाई म्हणाली, "अजून वय आहे. कचेरीतून दुसऱ्या मुलाची परवानगी मिळेल. रडून काय होणार?" छाइयुन तेव्हा रडत नव्हती. घरात फक्त ते मडके राहिले होते.

लीमिन एकदा म्हणाला, "फोडून टाकतो."

"आपलं आहे का फोडायला?"

"मग आजींना नेऊन देतो."

"ऐंशी वर्षांच्या बाईच्या दारात नेऊन ठेवणार? आपल्याकडून?"

पूर्वी लीमिन तिला "श्याओमानची आई" अशी हाक मारी. आता काय म्हणून हाक मारावी हे त्याला कळत नसे, म्हणून तो हाक मारतच नसे. समोर येऊन उभा राही, आणि तिचे लक्ष गेले की बोले.

त्या हिवाळ्यात छाइयुनला स्वतःविषयी एक गोष्ट कळली, आणि ती तिने कोणालाही सांगितली नाही. गल्लीत कोणी खोकले, की तिचे कान टवकारत. शिंप्याच्या घरी पोराला ताप आला असे ऐकले, तेव्हा तिने दाराची कडी काढून ठेवली. शिंपीण आली नाही. तिने मुलाला जिल्ह्याच्या दवाखान्यातून सुई टोचून आणली. ज्या मडक्याने मरण पाहिले ते मागायला जीव कोणाचा धजणार? संध्याकाळी दाराला पुन्हा कडी घालताना छाइयुनच्या लक्षात आले, की ती दिवसभर एका मुलाचा ताप वाढण्याची वाट पाहत होती.

ती सरकारी धान्यकोठारावर गव्हाची पारख करी. हे काम तिला वडिलांकडून आले होते. ते गिरणीवर होते, आणि दाणा दाताखाली धरून त्यातली ओल सांगत. छाइयुन सोळा वर्षांची असतानाच ती विद्या त्यांच्या तोडीस तोड शिकली. वाळलेला दाणा दाताखाली कट्ट वाजतो, दमट दाणा आवाज न करता दबतो. मुलीचे नावही गव्हावरूनच आले होते. ओंबीत दूध भरते त्या पंधरवड्याला श्याओमान म्हणतात; त्यात ती जन्मली, म्हणून तेच नाव. कोठारात नवे यंत्र आले होते, पण शेतकऱ्यांचा भरवसा यंत्रापेक्षा छाइयुनच्या दातांवर अधिक होता.

सुगी आली. कोठाराच्या फाटकापासून नदीच्या पुलापर्यंत गाड्यांची रांग लागली. छाइयुन पोकळ सळई पोत्यात खुपसे, दाणे तळहातावर घेई, दोन दाताखाली धरी आणि प्रत सांगे. तिसऱ्या दिवशी, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पोत्यातला दाणा दाताखाली कट्ट वाजला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ना हुंदका, ना आवाज. ती "पहिली प्रत" म्हणाली आणि पुढच्या गाडीकडे वळली. तिथेही तसेच.

"अहो ताई," म्हातारा मागून म्हणाला, "आमचा गहू इतका वाईट आहे होय, की रडायला यावं?"

"पहिली प्रत म्हणाल्या ना त्या!" दुसरा ओरडला. "माझ्या पोत्यापाशी जरा जास्त रडा, ताई. मलाही पहिली प्रत लागू दे."

रांग हसली. छाइयुनही हसली, पण पाणी थांबेना. दुपारपर्यंत तिने चाळीस गाड्या तपासल्या, आणि चाळीसांपुढे ती रडली. संध्याकाळी कोठारप्रमुखाने तिला बाजूला घेतले. तो वाईट माणूस नव्हता.

"निंग ताई, लोक म्हणायला लागलेत, डोळ्यांत पाणी असताना हिला दाणा दिसतो कसा. वैद्याकडे जाऊन या. सुगी संपेपर्यंत घरीच राहा, यंत्र वापरू आपण."

लू वैद्यांनी तिची दोन्ही मनगटे बराच वेळ धरली. जीभ पाहिली. रात्री झोप लागते का, जांभया फार येतात का, असे विचारले. ती म्हणाली, "रडू येतं, पण का ते कळत नाही. रडताना मनात काहीच नसतं."

"मुलगी?"

"मुलगी त्या वेळी मनात नसते, वैद्यबुवा. तेच तर."

त्यांनी कागदावर तीनच नावे लिहिली. ज्येष्ठमध, गहू, लाल बोरे दहा.

"हे औषध आहे की न्याहारी?" ती म्हणाली.

"अठराशे वर्षं बायका पीत आल्यात. कारण नसताना रडू येतं, जांभयांवर जांभया येतात, आतला अवयव कोरडा पडतो, त्यावर हे." वैद्यांनी लेखणी पुसली. "माझ्या बापाने यात काही घातलं नाही, मीही घालत नाही. गहू पहिल्या प्रतीचा हवा. ते तुम्हाला मी काय सांगू?"

औषधांच्या दुकानातल्या माणसाने सवयीने 'गहू' लिहिलेल्या खणातून मूठभर काढून कागदावर पसरला. छाइयुनने एक दाणा उचलून दाताखाली धरला. आवाज आला नाही.

"हा फोल आहे. पाण्यावर तरंगणारा."

"अहो, औषधाचा गहू असाच असतो. रात्री घाम फुटतो त्यावर देतात."

"मला घाम फुटत नाही."

"बाई, तीस वर्षं या खणांपुढे उभा आहे मी."

"आणि मी वीस वर्षं हा गहू मळणीत वाऱ्यावर उडवून बाहेर काढतेय. चिठ्ठीत 'तरंगता' लिहिलंय का कुठे? वाचा."

दुकानदाराने चिठ्ठी वाचली, मग पुन्हा वाचली, आणि गहू खणात परत ओतला. "घरचा घाला मग. भरलेला दाणा काही आम्ही ठेवत नाही."

ज्येष्ठमधाच्या चकत्या आणि बोरे कागदात बांधून ती घरी आली. गहू घरात होताच. पण चुलीमागे हात गेला तसा तो परत आला. घासूनही त्या मडक्याचा जो वास गेला नव्हता, तो श्याओमानच्या काढ्याचा होता. लोखंडी कढईत हा काढा करत नाहीत. नवे मडके विकत आणायचे म्हणजे घरात लांबणाऱ्या दुखण्याला बैठक घालून देणे. शिवाय घरात मग दोन मडकी होणार. पुडी खिडकीत राहिली. दहा दिवसांनी बोरांना कीड लागली.

अकराव्या दिवशी दुपारी कंग आजी दारात उभ्या राहिल्या. उंबरठ्याच्या बाहेर, काठी टेकून.

"मडकं हवंय," त्या म्हणाल्या. "घरात आजार आहे."

छाइयुनने हातातली परात खाली ठेवली. "कोणाला?"

"मी एकटीच राहते ना त्या घरात? की माझ्या मांजरीला आजार झालाय?"

"काय होतंय तुम्हाला?"

"छातीत धरल्यासारखं होतं."

"काल कोळशाच्या गाडीवाल्याशी भांडलात तुम्ही. आवाज पुलापर्यंत ऐकू येत होता."

"भांडल्यामुळेच धरली छाती." आजींनी काठीने उंबरठा ठोठावला. "आण लवकर. उन्हात उभी आहे मी."

छाइयुन हलली नाही. इतके महिने ज्या शब्दांची तिने वाट पाहिली ते दारात उभे होते, आणि ते खोटे होते. मडके दिले तर या बाईने तोंडाने मागितलेला आजार तिच्या घरी जाणार.

"नाही देत," ती म्हणाली. "तुम्हाला काही झालेलं नाही."

"ऐंशी वर्षांच्या बाईला काही झालेलं नाही, असा एक तरी दिवस असतो का गं? वस्तू माझी आहे. माझ्या नवऱ्याने पाठीवरून आणली. मागायची पाळी माझ्यावर आली, तीही तुझ्याकडे, आणि तू मला दारात उभी करून वाद घालतेस? आईबापांनी हेच शिकवलं का?"

छाइयुन आत गेली. मडके दोन्ही हातांत धरून ती दाराशी आली आणि उंबरठ्याच्या आतूनच ते पुढे केले. आजींनी ते काखोटीला मारले. वळता वळता त्या म्हणाल्या, "तुझी ती पुडी खिडकीत किडतेय. संध्याकाळी ये घेऊन. माझा निखारा असतोच."

त्या संध्याकाळी, आणि त्यानंतर दोन महिने रोज, छाइयुन कंग आजींच्या चुलीपुढे बसली. गहू फुटेपर्यंत शिजायचा, बोरांचे साल सुटायचे. काढा गोडसर लागे, पेजेसारखा. आजी त्यातली दोन बोरे उचलून खात आणि म्हणत, "माझ्या छातीला." तिसऱ्या आठवड्यात छाइयुन कोठारावर परतली. डोळ्यांतले पाणी एकदम थांबले नाही. ते विरळ झाले. एका संध्याकाळी, काहीच विषय नसताना, ती आजींना सांगू लागली, की शेवटच्या दिवशी श्याओमानने काढा नको म्हणून तोंड फिरवले होते आणि आपण तिचे नाक दाबून तो पाजला होता. सांगताना ती रडली. आजींनी मडक्याखालचे निखारे मागे ओढले आणि म्हणाल्या, "आता कारण आहे. आता रड."

नवव्या महिन्यात आजींच्या छातीत खरोखरच धरू लागले.

लू वैद्य येऊन गेले. चिठ्ठीत बारा नावे होती. छाइयुन काढा करी, चोथा गल्लीत ओती आणि त्यावरून चाले. लोकही चालत; पण आता बहुतेकांच्या सायकली होत्या, आणि त्या चोथ्याला वळसा घालून जात. आजींचे पाय सुजले. श्याओमानचे सुजले होते तसेच. बोट दाबले की खळगा राही.

एका सकाळी छाइयुन आजींच्या उशाशी होती ती उठून खोलीबाहेर गेली आणि उंबरठ्याच्या बाहेर उभी राहून म्हणाली, "मडकं हवंय. घरात आजार आहे."

आजींनी उशीवरून मान वळवली. 

"कोणाला?"

"मला. वैद्यबुवांनी पुन्हा घ्यायला सांगितलंय."

"तुला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात तुझे."

"द्या, आजी."

"नाही द्यायची मी. ज्याने उसनं घेतलं त्याने मागणाऱ्याला नाही म्हणू नये. मी उसनं घेतलंय का? मालकिणीच्या घरी आलं की ते आपल्या घरी आलं." त्यांना धाप लागली. "तू काही मला दिलं नाहीस. मी नेलं. दोन्हींत फरक आहे, आणि तो तुला कळायला हवा. आत ये, गार वारा येतोय."

"द्या ना," छाइयुन तिथेच उभी राहून पुन्हा म्हणाली. आता तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. आजींनी भिंतीकडे तोंड केले. शेवटी छाइयुन आत आली, दार लावले, आणि त्याच मडक्यात सकाळचा काढा चढवला.

बाराव्या महिन्यात आजी गेल्या. त्यांचा मुलगा लोयांगच्या कारखान्यातून आला. विशीतच तिकडे गेलेला, पन्नाशीचा, सभ्य माणूस. आजींचे वय झाले होते, म्हणून पांढरे कापड होते, कर्णे होते, कागदी घर जाळले गेले. छाइयुन नात्याची नव्हती, तरी तिने डोक्याला पांढरी पट्टी बांधली. कोणी हरकत घेतली नाही. ती दिवसभर मोठ्याने रडली. आणि जाऊबाईसकट जे तिच्याकडे वळून पाहत होते, त्यांतल्या कोणालाही ते रडणे कोणासाठी आहे असे विचारावेसे वाटले नाही.

चौथ्या दिवशी मुलगा घर आवरू लागला. दाराबाहेर खुर्ची, रजया, बरण्या मांडून ठेवल्या होत्या, आणि शेजारी हवे ते नेत होते. चुलीशी मडके तसेच होते. त्याच्याजवळून जाताना लोक अंग चोरून घेत.

छाइयुन उंबरठ्याबाहेर थांबली.

"मडकं हवंय," ती म्हणाली. "घरात आजार आहे."

"हे? न्या की, ताई." मुलाने ते उचलून तळ पाहिला. "तडा गेलाय बहुतेक. मागायला कशाला आलात एवढ्या थंडीत? निरोप दिला असतात तर मीच घरी आणून दिलं असतं."

"नाही, नाही," ती घाईने पुढे होत म्हणाली. "तुम्ही आणायचं नाही. मीच नेते."

मुलाने खांदे उडवले आणि मडके तिच्या हातात दिले. घरी तिने ते धुतले, मूठभर गहू निवडून घेतला आणि दाणे दाताखाली धरून पाहिले. मग ज्येष्ठमध आणि बोरे घालून मडके आपल्या चुलीवर पहिल्यांदाच स्वतःसाठी चढवले. तडा खराच होता. थेंब थेंब गळून निखाऱ्यांवर चुरचुरत होता. लीमिन कामावरून आला, मडके पाहून थबकला आणि तिच्या शेजारी खाली बसला. गहू फुटायला त्या दिवशी फार वेळ लागला.