रत्नाबाईंच्या तळ्याची चिखलणी

माले गावात आम्ही रत्नाबाईंच्या घरी भाड्याने राहतो. घरामागच्या ओढ्यावर, स्वतःच्या जमिनीत, त्यांनी मातीचा बांध घालून तळं केलं. शेतीसाठी नव्हे. उन्हाळ्यात रानातली भेकरं पाण्यासाठी रस्ता ओलांडून खाली यायची आणि गाड्यांखाली मरायची, ते त्यांना बघवेना.

त्यांचा मुलगा शंभू पुण्यात नोकरीला. त्याला ती जमीन बंगलेवाल्यांना विकायची होती. शेवटी मायलेकांचं ठरलं: अक्षय्य तृतीयेपर्यंत तळ्यात पाणी टिकलं तर जमीन राहील, आटलं तर आई सही करील.

पाणी मुरू नये म्हणून शंभूनेच तळाला प्लास्टिकचा कागद अंथरून दिला. मी माझ्या मुलीला, मृण्मयीला, तिकडे फिरकू देईना. त्या गुळगुळीत उतारावरून पाय घसरला तर वर यायचं कसं? माझी भीती खरी ठरली, पण पडलं ते भेकराचं पाडस. पुन्हा पुन्हा वर चढे आणि खाली घसरे. रत्नाबाई कमरेला दोर बांधून पाण्यात उतरल्या, दुसरं टोक मी आणि शेजारच्या गंगूबाईंनी धरलं. पाडस वाचलं. रत्नाबाईंनी मात्र ओल्या लुगड्यानिशीच विळा आणला आणि सगळा कागद फाडून काढला.

होळीपर्यंत तळं कोरडं पडलं. तळ्यात क्रिकेटचे सामने भरवू का, असं लोक विचारू लागले. शंभू कागदपत्रं घेऊन आला. रत्नाबाईंनी आणखी एक वर्ष मागून घेतलं. तो कसाबसा तयार झाला.

पुढच्या पावसाळ्यात तळ्यात घोट्याएवढं पाणी साचताच त्यांनी गावात इर्जिक घातली. शेजाऱ्यांनी मजुरी न घेता राबायचं आणि यजमानाने पोटभर जेवू घालायचं, ही इथली जुनी रीत. भातखाचरात पाणी धरण्यासाठी जशी चिखलणी करतात, तशी त्यांनी तळ्याचीच करून घेतली. बैल, म्हशी, माणसं, सगळी मिळून तळ तुडवत राहिली. गंगूबाई म्हणाल्या, "रत्ने, भात लावतीस का भेकरं?" रत्नाबाईंनी त्यांच्याच अंगावर चिखल उडवला. न राहवून मीही उतरले, मृण्मयीचा हात घट्ट धरून.

अक्षय्य तृतीयेला शंभू आला तो पाणी मोजायला काठी घेऊनच. पाणी कमरेएवढं भरलं. पलीकडच्या काठावर एक भेकर पाडसाला घेऊन पाणी पीत होतं. शंभूने काठी खाली ठेवली. मग त्याने तिथूनच बंगलेवाल्याला फोन लावला आणि जमीन विकायची नाही, असं सांगून टाकलं.

रत्नाबाई इतक्या मोठ्याने हसल्या, की भेकरं झाडीत पळाली. शंभू म्हणाला, "आई, घालवलीस ना त्यांना."

"जाऊंदे," त्या म्हणाल्या. "पानी हाय हितं. येतील परत."