आठ सह्यांचं पुस्तक

"ह्यात पोरीकडचे कोण अन् पोराकडचे कोण, काहीच कळंना," आतून बाईचा आवाज आला.

मी हुलसूरच्या त्या छापखान्याच्या पायरीवर सँडल काढत होते. एक पायात, एक हातात, तशीच थांबले.

"खाली बघ की. विनीत कोण हाय?" हा पुरुषाचा आवाज.

"विनीतच न्हाई."

"मग लग्न कुणाचंय?"

लग्न कुणाचंच नव्हतं. ते माझं पुस्तक होतं, एकशे बारा पानांचं, माझ्या आत्याबद्दल. लग्नानंतर दोन वर्षांनी आत्या शिलाई मशीन घेऊन मंठाळला माहेरी परत आली आणि तिथंच राहिली. अर्ध्या गावाच्या ब्लाउजची मापं तिला तोंडपाठ आहेत. मी इंग्रजी शाळेत शिकले, मराठी घरात ऐकून आली, त्यामुळे लिहून झाल्यावर कुणी जाणकाराने ते तपासावं असं वाटत होतं. आधी पुण्यातल्या एका संपादकाला फोन केला होता. "तुमचा वाचकवर्ग कोणता?" असं त्यांनी विचारलं. मी फोन ठेवून दिला आणि पुढे दोन दिवस अनोळखी नंबर उचलले नाहीत.

हुलसूरच्या पाटीवर लिहिलं होतं, मराठी, कन्नड, उर्दू सर्व कामे, चुका काढून मिळतील. मला ते पुरेसं वाटलं.

छापखाना नवराबायकोचा. तो गिऱ्हाईक बघायचा, ती कंप्युटर. त्यांनी आजवर लग्नपत्रिका, बारशाची कार्डं आणि वाढदिवसाचे फ्लेक्स केले होते. "पुस्तक म्हंजे लांब पत्रिकाच की, अक्का," तो म्हणाला. आठवड्यानं पहिलं प्रूफ आलं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर आमचं कुलदैवत प्रसन्न होतं, एकशे बारा वेळा. कडेनं सोनेरी वेलबुट्टी. शेवटच्या पानावर, घरातल्या लहान मुलांची नावं टाकायला जागा सोडून, ठळक अक्षरांत, "आमच्या आत्याच्या पुस्तकाला यायचं हं!"

ते काढा असं सांगायला मला तीन खेपा लागल्या. तिसऱ्या खेपेला मी चिठ्ठीवर लिहून नेलं.

मग सह्यांचं निघालं. आमच्याकडे पत्रिकेचं प्रूफ घरातल्या मोठ्यांना दाखवून सह्या घेतात, कुणाचं नाव राहू नये म्हणून. छापखानेवाल्याचा नियम आठ सह्यांचा होता. एकदा नवरीच्या मामाचं नाव राहिलं, तर मामा तीन दिवस दुकानात येऊन बसला. "त्याला चहा आम्हीच पाजला," तो म्हणाला. "आठ सह्या आणा, अक्का. त्याबिगर मशीन चालू होत न्हाई."

पुस्तकाला हे लागत नाही, असं मी म्हणायला हवं होतं. मी "बरं" म्हणाले.

प्रूफ घेऊन मी पाव्हण्यांच्या दारोदार फिरले. पत्रिका वाचतात तसंच सगळ्यांनी ते वाचलं, म्हणजे आधी आपलं नाव शोधलं. माझ्या पुस्तकात नावं नव्हती, नुसती नाती होती. तेव्हा काकूनं "धाकटी भावजय म्हंजे मीच ना?" असं विचारून तेवढीच ओळ वाचली आणि सही केली. एका मामांनी न वाचताच सही केली आणि म्हणाले, "कार्य कवा हाय?"

"मामा, पुस्तक आहे."

"व्हय गं. पण जेवण कुठं ठेवलाव?"

सात सह्या झाल्या. आठांच्या यादीत आत्या नव्हती. पत्रिकेच्या वेळी तिला कधी कुणी विचारलेलं नाही, आणि तीच सवय इथंही चालली.

आठवी सही थोरल्या काकांची. सगळ्या घरात पुस्तक खरोखर वाचलेले ते एकटेच. ते स्वतः छापखान्यात आले आणि त्यांनी मलाही बोलावून घेतलं.

"पान नऊवर मी जेवायलोय," काका म्हणाले.

"जेवण शुभच की, अप्पा," छापखानेवाला म्हणाला.

"बहीण दारात हुबी अन् मी जेवायलोय. पान धावर बी जेवायलोयच. लोक म्हणतील ह्या माणसाला दुसरं काम न्हाई."

पान नऊ म्हणजे आत्या परत आली ती दुपार. तिनं मशीन पायरीवर टेकवलं आणि कुणीतरी हात लावेल म्हणून उभी राहिली. काकांनी भाकरी संपवली, दुसरी मागितली, तीही संपवली आणि हात धुवायला मागच्या दारानं गेले. मग तिनं एकटीनं मशीन आत आणलं. त्यानंतर तिनं कुणाला काही उचलायला सांगितलेलं मी पाहिलं नाही. पुस्तक त्या पानावर उभं होतं. ते पान गेलं असतं तर उरली असती ब्लाउजची मापं.

छापखानेवाल्यानं कामाची गोष्ट काढली. "असं करू. धावरचं जेवण काढू. नऊवर नुस्तं पाणी ठेवू."

"पाणी पिऊन लगेच उठले, असं टाकू का?" बायकोनं कंप्युटरवरून विचारलं.

"टाक," काका म्हणाले. "उठले अन् मशीन उचलले."

"सहर्ष उचलले," छापखानेवाला म्हणाला. "जरा शोभतंय."

तिनं ते टाइप केलं. काका पडद्याजवळ वाकले, एकदा वाचलं, परत वाचलं. त्यांचा चेहरा निवळला. त्यांनी खिशातून पेन काढलं.

"झालं की, अक्का," छापखानेवाला मला म्हणाला. "उद्याच छपाई लावतो."

पडद्यावर काका सहर्ष उठत होते. ते मला इतकं पटण्यासारखं दिसलं की मीच घाबरले. मी घसा साफ केला. काकांनी वळून बघितलं.

"काय गं? तू तवा किती वर्षाची होतीस?"

"सात."

"सात वर्षाच्या लेकराच्या काय ध्यानात राहतंय."

बाईचा हात माउसवर होता. पेनचं टोपण निघालं होतं.

"काका, तुम्ही उठला नव्हता," मी म्हणाले आणि कंप्युटरवरच्या बाईकडे वळले. "वहिनी, ते पान होतं तसं करा. आणि काकांच्या शेजारी अजून एक ताट लिहा, माझं. मीही उठले नव्हते."