चुंबकावरचे मोजे आणि फुटणारी रेघ

लोणावळ्यातल्या आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये उपकरणं बेताचीच, पण किस्से कपाटात मावणार नाहीत इतके! त्यातले निम्मे एका मोठ्या विद्युतचुंबकाच्या नावावर आहेत. त्याच्या दोन तोंडांमध्ये दिवा ठेवायचा, पडदे ओढायचे आणि दुर्बिणीतून त्या प्रकाशातली एक लाल रेघ बघायची. चुंबकाचा करंट वाढवला, की एका रेघेच्या तीन होतात. करंट बंद केला, की पुन्हा एक. एवढाच प्रयोग. पण तो दिसला की माणूस "अरेच्चा!" म्हणतोच. इतकी वर्षं शिकवतोय, मी अजूनही म्हणतो.

*

आमच्या विभागप्रमुख शेख मॅडम कार्ल्याच्या. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, त्यामुळे लहानपणापासून हातात पान्हा. एकदा प्रिन्सिपॉल तणतणत लॅबमध्ये आले. "तुमचे तास वेळेवर संपत नाहीत!" बोलता बोलता हात टेकला, तो नेमका चालू चुंबकावर. घड्याळ जागच्या जागी बंद!

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, आता तुमच्या घड्याळाप्रमाणे आमचा तास संपायचाच नाही."

*

पावसाळ्यात भुशीकडून चालत येणारी पोरं निथळतच वर्गात शिरतात. आणि करंट सोडला की चुंबकाची कॉइल छान गरम होते! त्यामुळे ओले मोजे कॉइलवर वाळत घालायचे, ही आमच्या लॅबची जुनी रीत. एका सेमिस्टरला परीक्षा भर पावसात आली आणि मोजे काढायचे राहून गेले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा पुसत विचारलं, "हे काय?"

"तापमान स्थिर ठेवायला, सर," एक पोरगा बेधडक म्हणाला.

परीक्षकांनी चष्मा परत नाकावर चढवला. जेवणाच्या सुट्टीत मात्र हळूच बूट काढून म्हणाले, "माझंही जरा स्थिर करता का?"

*

तोंडी परीक्षेत मी एकाला विचारलं, "रेघ का फुटते?"

"मॅडमनी करंट वाढवला म्हणून."

"बरं, आणि अणूच्या आत काय होतं?"

"सर, आत बघायचा तास अजून व्हायचाय."

मी पास केलं त्याला. खोटं तर बोलत नव्हता!

*

शेवटच्या वर्षाला सुरेखा होती, आंदर मावळातली; कामशेत स्टेशनवर उतरून पुढे तिचं गाव. तिने एकदा विचारलं, "मॅडम, इलेक्ट्रिक फील्डनेही रेघ फुटते ना? मग तो प्रयोग आपण का करत नाही?"

"फुटते की! पण त्याला लागतं तेवढं व्होल्टेज लोणावळ्यात फक्त रेल्वेकडे आहे, आणि ते देणार नाहीत."

सुरेखाने खिडकीतून रेल्वेच्या तारांकडे अशा काही नजरेने पाहिलं, की ती खिडकी आम्ही तेव्हापासून बंदच ठेवतो.

ही पोरगी एम.एस्सी.ला पुण्याला गेलीच पाहिजे, असं मॅडमनी त्याच दिवशी ठरवलं. फार जीव होता त्यांचा तिच्यावर. पण तिचे वडील, नामदेवभाऊ, तयार नव्हते. थोरला मुलगा पुण्याला कामाला गेला तो तिकडचाच झाला, सणालाही येईना. "ही बी गेली की गेली," एवढंच त्यांचं म्हणणं.

*

पालक सभेला नामदेवभाऊ पहिल्या एसटीने आले. मॅडमनी समजावलं, मी समजावलं. आमची सगळी विद्वत्ता वाया!

"न्हाई मॅडम. येक गेला, तेवढं पुरं."

सुरेखा रडू दाबत पडदे ओढायला लागली. बाकीच्या पालकांना प्रयोग दाखवायचा होता. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, आलाच आहात तर लेकीचं काम तरी बघून जा."

भाऊंनी टोपी काढून दुर्बिणीला डोळा लावला. "लाल रेग हाय येक."

सुरेखाने करंट वाढवला.

"आरं! तीन झाल्या की! लांब लांब चालल्यात."

तिने करंट बंद केला. भाऊंनी डोळा आणखी जवळ नेला. मग म्हणाले, "येकच झाली परत. आजून येकदा कर."

तिने केलं. "आजून येकदा." पुन्हा केलं. मागच्या रांगेतले पालक कुरकुरायला लागले, कॉइल तापली, पण भाऊंचा डोळा काही निघेना.

शेवटी मान वर करून त्यांनी लेकीला विचारलं, "दर येळी येत्यात माघारी?"

"व्हय आबा. दर येळी."

भाऊंनी टोपी नीट घातली आणि मॅडमकडे वळून म्हणाले, "शनवारी पुण्यासनं येणारी गाडी कामशेतला किती वाजता लागती?"