आनंदरावांचा गुडघा आणि मलिकाचा नकार

शिवऱ्याला हायवेच्या कडेला हाफिजभाईंचं पंक्चरचं दुकान. त्यांची थोरली मलिका रोज एसटीनं पुण्याला जायची. तिथल्या एका हाडांच्या दवाखान्यात ऑपरेशन झालेल्यांचे कागद वाचायचे, दुखण्याला आणि शस्त्रक्रियेला ठरलेला कोड नंबर घालायचा आणि फाईल विमा कंपनीला धाडायची, हे तिचं काम. २००५ साली वरव्याच्या आनंदरावांचा गुडघा तिथंच बदलला. तेव्हा शेजारगावची पोरगी म्हणून ते तिच्याशी गोडीनं बोलायचे.

पुढं विमा कंपनीनं हात वर केले. विमा अलीकडचा, गुडघेदुखी दहा वर्षांची. जुनं दुखणं विम्यात बसत नाही.

आनंदराव टेम्पोनं थेट दुकानावर आले. बसायला दिलेलं स्टूल त्यांनी काठीनं बाजूला सारलं.

"हाफिज, तुझ्या पोरीनं माझा घात केला. धा वर्षं म्हणून तिनंच ल्हिलं."

"काका, डॉक्टरांनी इचारलं तवा तुमीच धा म्हणालात," मलिका म्हणाली. "त्यांनी ते लिहिलं, त्यावरनं म्या नंबर घातला."

"मग आता दोन कर."

"न्हाई करणार."

त्यानंतर वरव्याचे ट्रॅक्टर दुकानासमोर थांबेनासे झाले. आनंदरावांची भावकी मोठी, आणि त्यांनी घरोघर सांगून ठेवलं होतं.

हाफिजभाईंनी राग लेकीवर काढला. "काय बिघडलं असतं दोन केलं असतं तर?"

"अब्बा, ती लबाडी झाली असती."

"आन् माझं गिऱ्हाईक तोडलंस, ते?"

घरात तिच्याशी बोलणं तुटलं. ताट पुढ्यात सरकवलं जायचं, बस्स. आनंदराव काठीसकट चिखलात आडवे पडावेत, असंही मलिकाच्या मनात येऊन गेलं.

तरी तिनं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, विमा घेण्याआधीच्या एक्स-रेत सांधा शाबूत दिसत असेल, तर झीज नंतरची आहे असं मी लिहून देईन, ते जोडून कंपनीकडं फेरविचाराचा अर्ज करता येईल. सुट्टीच्या दिवशी ती वरव्याला गेली. आनंदराव ओट्यावर पाय लांब करून बसले होते. तिनं सगळं समजावून सांगितलं.

"हाय जुना एक्स-रे," ते म्हणाले. "पर आधी भावकीफुडं माफी माग. चुकलं म्हण."

"माझं चुकलं न्हाई, काका."

"मग चालू लाग."

घरातून आनंदरावांची बायको, ठकुबाई, एक्स-रेचं पाकीट घेऊन उंबऱ्यापर्यंत आली. आनंदरावांनी नुसतं बघितलं. ती तशीच मागं फिरली.

फेरविचाराची मुदत टळून गेली. आनंदरावांनी अर्ज केलाच नाही. दिवाळीच्या सुमारास त्यांची काठी सुटली. रस्त्यापलीकडच्या नव्या पंक्चरवाल्याकडं ते चालत येऊन बसू लागले, इकडं पाठ करून.

एका सकाळी हाफिजभाई टायर खोलता खोलता म्हणाले, "बघ कसा ताठ चालतोय. आमी मातूर बसलो हातावर हात धरून."

मलिकानं डबा पिशवीत टाकला आणि थांब्याकडं निघाली. पलीकडून आनंदरावांनी तिला पाहिलं आणि ते रस्त्यात थुंकले.