जास्वंदीच्या मुळाशी बिस्किटं

वडील मुंबईला एका कंपनीत कारकून होते. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी तिथला गोरा साहेब कायमचा मायदेशी निघाला, तेव्हा त्याचा म्हातारा कुत्रा आमच्या डोंबिवलीच्या घरी आला. सोबत त्याच्या खाण्याच्या बिस्किटांची एक गोण. जाड, चौकोनी, दगडासारखी बिस्किटं. कुत्रा दोन दिवसांत आईच्या दूधभाकरीला चटावला आणि बिस्किटांना त्याने पुन्हा तोंड लावलं नाही.

"असतं तरी काय त्यात?" आईने विचारलं.

वडिलांनी साहेबाच्या खानसाम्याला गाठून विचारलं आणि घरी येऊन हळूच सांगितलं, "मांसाचा चुरा. हाडांची पूड."

आईने हातातली पळी खाली ठेवली. गोण त्याच क्षणी न्हाणीघरामागे गेली. पावसाळ्यात बिस्किटं सादळली, तशी ती नाल्यात टाकून यायचं काम माझ्याकडे आलं. मी अकरा वर्षांची होते.

मी नाल्याकडे गेलेच नाही. परसात मी लावलेली जास्वंद होती. पानं पिवळी पडून गळत होती, कळी धरत नव्हती. हाडांचं खत झाडांना चांगलं, असं शाळेत बाई म्हणाल्याचं डोक्यात होतं. मी बिस्किटं बादलीत भिजवली, खुरप्याने मुळाभोवती चर खणला आणि सगळा लगदा त्यात पुरून टाकला. आईला सांगितलं, टाकली.

दोन महिन्यांत जास्वंद अशी फोफावली की आई सारखी तिच्याकडे बघत राहायची. रोज सात-आठ लालभडक फुलं. शेजारच्या काकू पूजेसाठी ती नेऊ लागल्या. काकूंचं सोवळं कडक. ओल्या केसांनी परडी घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "तुझ्या हाताला गुण आहे गं पोरी." माझ्यामुळे काकूंचा गणपती बाटत होता आणि काकूंना त्याचा पत्ताच नव्हता. एकदोनदा मी पहाटे उठून फुलं तोडून लपवली. काकू मग रिकामी परडी घेऊन परत गेल्या. ते आणखीच वाईट वाटलं.

एका मंगळवारी काकू परसात फुलं तोडत असतानाच कुत्र्याने झाडाचं मूळ उकरलं. पांढुरका, बुरशी आलेला लगदा वर आला आणि घाण सुटली.

"हे काय पुरलंय इथे?" काकूंनी नाकाला पदर लावला.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी रडतच सगळं सांगून टाकलं, मांस आणि हाडंसुद्धा. आई पांढरीफटक पडली. "काकू, मला खरंच ठाऊक नव्हतं हो," ती कशीबशी म्हणाली.

काकू पायरीवर टेकल्या. परडीतल्या फुलांकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या.

"अगं, माझं माहेर कोकणातलं. आमच्या माडांच्या मुळाशी वडील दरवर्षी सुकी मासळी घालायचे. टोपल्या भरभरून! त्याच माडांचे नारळ देवापुढे फुटायचे. मूळ काय खातं ते मुळाला ठाऊक. फूल ते फूलच."

"म्हणजे चालतं?" मी विचारलं.

"न चालायला काय झालं? फक्त आमच्या सासूबाईंच्या कानावर जाऊ देऊ नकोस. आणि खोल पुरत जा, दीड वीत तरी. वरवर पुरलंस तर कुत्रा उकरणारच."

आई मटकन त्यांच्याशेजारी बसली आणि तिलाही हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी मला छातीभर श्वास घेता आला. काकूंनी त्या दिवशी परडी काठोकाठ भरून नेली, आणि दुपारी सासूबाईंचा डोळा लागल्यावर कुंपणापाशी येऊन हळूच विचारलं, "त्यातली थोडी उरलीत का गं? माझ्या तोंडलीच्या वेलाला घालून बघते."