पऱ्हाटीवरची अंतराळयानं

सुजाताचा फोन आला तेव्हा मी जानेफळच्या शेतात बांधावर बसलो होतो, कापसाची वेचणी चालली होती. सुजाता म्हणजे माझी पुतणी, प्रल्हाददादाची एकुलती एक लेक. "काका, बाबा गेले," एवढंच ती बोलली. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला आणि तिथंच मान टाकली म्हणे. मी हो हो म्हणत राहिलो आणि फोन ठेवल्यावर पुन्हा वेचायला लागलो, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. त्याला आता पाच आठवडे झाले. कापूस घरात आला, पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, शेतात उभी आहेत, डिसेंबर लागला... या दिवसांत मला बुलढाण्याला दादाकडे जायचं असतं, ही सवय काही केल्या मोडत नाही.

दादा शाळेत विज्ञान शिकवायचा आणि त्याला नाद होता तो असा की ऐकणारा आधी हसतो. ख्रिसमसच्या झाडाला टांगायच्या शोभेच्या वस्तू तो जमवायचा, आणि त्यातही फक्त विज्ञानकथांत शोभतील अशा. यंत्रमानव, उडत्या तबकड्या, अंतराळयानं, तीन डोळ्यांचे परग्रहवासी. घंटा आणि सांताक्लॉज यांना त्याच्याकडे प्रवेश नव्हता. खरं तर ख्रिसमसशी आमचा संबंध केकपुरताही नाही. दादाच्या पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर. पण नागपूरला विज्ञान प्रदर्शनासाठी गेला असताना फुटपाथवर त्याला पत्र्याचा बोटभर यंत्रमानव दिसला, डोक्यावर दोरा ओवायची कडी असलेला. ही कडी कशाला, तर झाडाला टांगायला, असं विकणाऱ्यानं सांगितलं. दादाला ते फारच पटलं. वहिनीला पटलं नाही. आपल्या घरात हे कशाला, असं तिनं विचारलं तेव्हा तो अगदी वर्गात उत्तर द्यावं तसा म्हणाला, "यंत्रमानवाले कोनता धर्म असते?"

प्रश्न उरला झाडाचा. बुलढाण्यात सूचिपर्णी झाड कुठून आणणार? मी आपलं गमतीत म्हटलं, पऱ्हाटी आणून देतो. गंमत कळण्याच्या बाबतीत दादा कच्चाच. तेव्हापासून दर डिसेंबरात मी शेतातली खांद्याएवढी, चांगली फांद्या फुटलेली पऱ्हाटी हेरायचो, तिची दहा-बारा बोंडं मुद्दाम न वेचता ठेवायचो, आणि ती मुळासकट उपटून, चिखलीला गाडी बदलून बुलढाण्याला न्यायचो. एका कंडक्टरनं विचारलं होतं, सरपण इतक्या दूर काऊन नेऊन राह्यले? याला रॉकेटं लटकवायची आहेत, असं मी खरं ते सांगितलं. त्यानंतर तो माझ्याशी जरा जपूनच वागायचा. न वेचलेल्या त्या बोंडांवर दादाचा फार जीव. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, "आपल्याइकडे बर्फ नाही पडत, पन कापूस तं फुटते."

हळूहळू संग्रह वाढला. परदेशी गेलेले विद्यार्थी पाठवू लागले, पुढं दादा मोबाइलवरून मागवायला शिकला. शेवटी नग चाळीसच्या वर गेले. पऱ्हाटी सजवायला आम्हाला अख्खी दुपार लागायची, कारण मी एकेक यान हातात द्यायचो आणि दादा ते कुठल्या ग्रहावरून निघालं, वाटेत काय बिघडलं, आत कोण झोपलंय हे सगळं सांगितल्याशिवाय टांगायचा नाही. दरवर्षी गोष्ट वेगळी. मागच्या वर्षी तर हे गुरूवरून आलं होतं, असं मी म्हटलं की म्हणायचा, बदली झाली त्याची. लोणारला आकाशातून एक पाहुणा येऊन गेलाय, बाकीचे रस्त्यात आहेत, यावर त्याचा ठाम विश्वास. नाकं मुरडणारी वहिनीसुद्धा शेवटी या नादात ओढली गेली. पुण्याला सुजाताकडे गेली होती तिथून तिनं काचेचा चंद्र आणला, आत नखाएवढं घर, घराला पिवळी खिडकी. आपण जागा घेऊन ठेवली आहे, असं ती सगळ्यांना सांगायची. पुढं तीही गेली... आणि तो चंद्र दादा सगळ्यात शेवटी, सगळ्यात वर टांगायला लागला.

तो चंद्र माझ्यामुळे फुटला. तीन वर्षांपूर्वी पऱ्हाटी उतरवायच्या वेळेलाच दादाची बायपास झाली, तेव्हा सगळं आवरून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. दादा प्रत्येक वस्तू रद्दीतल्या उत्तरपत्रिकांच्या कागदात गुंडाळायचा. मला वाटलं, घरचा कापूस असताना कागद कशाला? वेचलेला कापूस सरकीसकट पोतंभर आणला आणि काचेची सगळी यानं त्यात बाळासारखी निजवून खोका माळ्यावर ठेवला. सरकीच्या वासावर उंदीर येतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जन्मभर कापूस पिकवणाऱ्या मला ते त्या दिवशी आठवलं नाही. पुढच्या डिसेंबरात खोका उघडला तर कापसाचा भुगा, लेंड्या आणि काचा. पत्र्याचे आणि प्लॅस्टिकचे वाचले होते, काचेचं एकही नाही. दादानं खोक्यात डोकावलं. मग म्हणाला, "काच होती ते. फुटतेच." आणि उरलेले टांगायला लागला. त्या दिवशी त्यानं एकाही यानाची गोष्ट सांगितली नाही.

मी त्याची माफी मागितली नाही. आम्ही दोघं भाऊ पाऊसपाणी, गुडघे, भाव यांवर तासभर बोलू, पण असलं काही तोंडातून निघायचं नाही. मागच्या वर्षी डिसेंबर लागला आणि त्याचा फोन आला. "किसना, तुयेबी गुडघे दुखून राह्यले. कायले तकलीफ घेतं? राहू दे यंदा." मी ते शब्दशः घेतलं. त्याहून खरं सांगायचं तर मला ते सोयीचं वाटलं. दादा रागावलाय, त्याला माझ्या हातात ती यानं द्यायची नाहीत, असं मी मनाशी धरून बसलो, आणि न वेचता राखलेली बोंडंही वेचून टाकली. नंतर आम्ही फोनवर बोलत होतो, त्याविषयी मात्र कधीच नाही. एकदा गेलो असतो तर! चार तासांची तर वाट होती.

परवा सुजातानं बोलावलं. घर रिकामं करायचंय, बाबांच्या त्या वस्तू तुम्हीच घेऊन जा, म्हणाली. मी निघताना पऱ्हाटी उपटून सोबत घेतली. का, ते मला विचारू नका. पुढच्या खोलीत खिडकीजवळ तेलाचा जुना डबा होता, अंत्यविधीच्या गर्दीत माझ्या नजरेतून सुटलेला, मुरमानं काठोकाठ भरलेला, मधोमध एक काठी रोवलेली. डबा भरायचं काम नेहमी दादाचं. मी यायच्या आधी तो मुरूम ओला करून ठोकून बसवायचा आणि पऱ्हाटीला नेमकी जागा राहावी म्हणून काठी रोवून ठेवायचा. मला वाटलं, यंदा जायच्या आधीच त्यानं तयारी केली असेल. सुजाताला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "यंदाचा नाही काका, मागच्या डिसेंबरातला आहे. मी तेव्हा आठ दिवस इथंच होते. काका येणार नाहीत म्हणालात ना, मग डबा कशाला भरलात, असं विचारलं तर म्हणे, मी नको म्हटलं म्हनून थो किसना थोडीच आयकते."

मुरूम वर्षभरात दगडासारखा घट्ट झाला होता. जोर लावला असता तर काठी निघाली असती, पण मला ती काढवेना. पऱ्हाटी मी त्या काठीलाच सुतळीनं बांधली. सुजाता कागद सोडून एकेक यान माझ्या हातात देत गेली आणि मी टांगत गेलो. एक तबकडी देताना तिनं विचारलं, ही कुठून आली काका? गोष्टी सांगायचं काम दादाचं होतं; मी तबकडी घेऊन टांगली. मला एवढंच कळत होतं की मागच्या डिसेंबरात, त्यानं नको म्हटलं तरी, मी यायला पाहिजे होतं.