हाताला लागलेला चीक

गांजाचा वास ओळखायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. आमच्या घरी तो बाबांच्या शर्टाला यायचा. बाबा सरकारी नोकरीत होते आणि सातपुड्याच्या पायथ्याशी कापसात, तुरीत लपवून लावलेला गांजा उपटणं हे त्यांचं काम होतं. दिवसभर उपटून हातांवर काळा चीक बसायचा. साबणाला तो दाद देत नाही. घरी आले की चपला न काढता ते ओट्यापाशी यायचे आणि हात पुढे करायचे. आई खोबरेल आणायची, तळव्यांवर, पेरापेरांत चोळायची, फडक्यानं पुसायची. हात स्वच्छ झाले की त्याच हातांनी ते तिला मारायचे. भाजी खारट झाली, साहेब ओरडला, शेजारीण हसली, कारण काहीही चालायचं. एकदा कारणच सापडेना, तर तेल थंड आहे म्हणून मारलं.

आई ओरडायची नाही. ती आधी चष्मा काढून डब्यांच्या मागे ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. पूर्वी एकदा तो डोळ्यांवरच फुटला होता आणि काच भुवईत रुतली होती. त्या भुवईमुळे मी डॉक्टर झाले असं सांगितलं तर ऐकायला छान वाटेल. खरं म्हणजे मला त्या घरातून पळायचं होतं आणि मेडिकलचं हॉस्टेल लांब होतं.

आता मी आयर्लंडमध्ये, ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात इमर्जन्सीमध्ये काम करते. शनिवारची फुटलेली डोकी आणि मोडलेले जबडे मला नवे नाहीत. "दारावर आपटले" म्हणणाऱ्या बाईच्या नवऱ्याला मी बाहेर बसवते, पडदा ओढते आणि विचारते, तुम्हाला घरी सुरक्षित वाटतं का? हा प्रश्न मी कितीतरी बायकांना विचारलाय. आईला कधी विचारला नाही.

माझा नवरा पुण्याचा, डब्लिनला ग्रँड कॅनाल डॉकमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत. माशी मारतानाही सॉरी म्हणेल असा. त्याची पाठ दुखायची, त्यात कुणीतरी सांगितलं की गांजानं बरं वाटतं, आणि स्वारी व्हिडिओ बघत बसली. कुणाकडून तरी फुकट मिळालेलं कपाट त्यानं वरच्या छोट्या खोलीत उभं केलं, आतून चंदेरी कागद चिकटवला, दिवा टांगला, जुन्या कंप्युटरचे पंखे बसवले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! बी रुजायच्या आधीच याच्या काचेच्या बरण्या आल्या.

"अरे, पकडला गेलास तर माझं रजिस्ट्रेशन जाईल!"

"यार, एकच रोप आहे. शेजारच्या त्या गड्याची, युअर मॅनची, अख्खी शेड भरलीय. इट्स ग्रँड, काही होत नाही."

"आई येतेय माझी."

"तोवर काढून होईल. आणि फिल्टर लावलाय ना, वास येणारच नाही."

बाबा कडक होते, एवढंच मी त्याला लग्नाआधी सांगितलं होतं. आपली आई मार खात होती हे मराठी मुलगी होणाऱ्या नवऱ्याला सांगत नाही. तो मला बावळटासारखं कपाट उघडून दाखवत राहिला.

बाबा गेले तेव्हा मी रडले नाही, व्हिसाच्या मागे लागले. फोनवर आईला म्हटलं, "माय, इकडे ये. इथे तुझ्यावर कुणी हात उगारणार नाही." मला तिला एवढंच द्यायचं होतं. ती आली, आणि आठवड्याभरात सोफ्यावर पाय वर घेऊन बसायला लागली. जावयाबरोबर चहा प्यायली. त्याच्या विनोदाला मोठ्यानं हसली. आईला एवढे दात आहेत हे मला तेव्हा कळलं.

मग ते रोप फुलावर आलं. आमच्या नवशिक्या शेतकऱ्यानं पंखा उलटा बसवला होता, त्यामुळे फिल्टर नुसता शोभेला राहिला आणि सगळा वास थेट आईच्या खोलीत गेला.

"हाऊ वास कथाईन येस?" तिनं विचारलं. हा वास येतो कुठून?

"शेजाऱ्यांकडून," मी म्हटलं.

तिनं पुन्हा विचारलं नाही. पण जावयाची किल्ली दारात वाजली की ती सोफ्यावरून उठून उभी राहू लागली. सगळ्यांच्या नंतर जेवू लागली. लाटणं सापडेना म्हणून शोधलं, तर ते तिच्या गादीखाली निघालं. बाबांच्या वेळीही ती ते असंच लपवायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजच्या आज ते झाड काढ, मी नवऱ्यावर ओरडले. रविवारी नक्की, तो म्हणाला.

रविवारी दुपारी मी कणीक मळत होते, आई कोथिंबीर निवडत होती. नवरा वरून आला तो हात लांब धरून, खुशीत. फुलं कापून झाली होती.

"आई, खोबरेल कुठंय हो? हात जाम चिकट झालेत."

त्यानं दोन्ही हात पुढे केले.

आई उठली. प्रेसमधून, म्हणजे इथल्या कपाटातून, बाटली काढली. त्याच्या तळव्यांवर तेल चोळलं, फडक्यानं पुसलं. "अहो, मी करतो ना," तो संकोचानं म्हणत राहिला. मग तिनं चष्मा काढला, प्रेसमध्ये कपांच्या मागे ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"आई? काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

दाराशी त्यानं आयरिश व्हायच्या हौसेनं घेतलेली हर्लिंगची, म्हणजे इथल्या खेळाची, काठी होती. ती घेऊन मी जिना चढले. पहिल्या घावात कपाटाचं दार गेलं, दुसऱ्यात दिवा. बरण्या फोडल्या, पंखे फोडले. फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? नवरा "अगं, अगं" करत मागून आला, त्यानं काठी धरायला हात घातला आणि तो हात मध्ये आला. हाड वाजलं. तो मनगट धरून खाली बसला, तरी मी थांबले नाही. उरलेलं खोड दोन्ही हातांनी मुळासकट उपटलं, चुरगाळलं, मातीची कुंडी भिंतीवर फेकली. बाबांच्या नावानं ओरडत होते मी. खाली सगळं ऐकू जात असणार, हे मनातसुद्धा आलं नाही.

धापा टाकत खाली आले. आई तिथेच उभी होती.

"माय, संपलं सगळं," मी म्हटलं. "फोडून टाकलं मी. आता तो वास कधी येणार नाही."

ती वळली. चष्म्याशिवाय तिला समोरचं माणूस नीट दिसत नाही. तिनं ओट्यावरची बाटली उचलली, माझे हात ओढून घेतले आणि पेरापेरांत खोबरेल चोळलं. फडक्यानं माझे हात पुसले, नीट स्वच्छ केले, बाटलीला झाकण लावलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.